खिशातल्या फोनवर नागपूरचा सूर्यास्त: ऐनवेळी चांगला फोटो कसा काढायचा

शंकरनगरहून अंबाझरीकडे निघालं की संध्याकाळी सूर्य सरळ डोळ्यांवर येतो. पावसाळा सरत आला की त्याच रस्त्यावर एखाद्या दिवशी अख्खं आभाळ पेटतं. गाड्या हळू होतात, मागच्या सीटवरचे लोक फोन बाहेर काढतात. घरी येऊन पाहावं तर फोटोत एक पांढरा ठिपका, भोवती फिकट पिवळा डाग आणि खाली काळा रस्ता. डोळ्यांनी पाहिलेला रंग गेला कुठे, असं मला अनेकांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर इथे क्रमाने, सविस्तर देतो.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, किंवा फार तर कपाटात पडलेला जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ट्रायपॉड, फिल्टर, महागडी झूम लेन्स यातलं काहीही विकत घ्यायचं नाही. माझं ठाम मत आहे की सूर्यास्ताच्या फोटोत सामानापेक्षा दोन गोष्टी जास्त कामी येतात: आभाळ आधी वाचता येणं, आणि सूर्य बुडाल्यावर लगेच गाडीला किक न मारणं.

चार वाजता आभाळ बघा

उत्स्फूर्त फोटो म्हटलं तरी थोडा अंदाज आधी घेता येतो. दुपारी चारच्या सुमारास चहाला बाहेर पडाल तेव्हा एकदा वर आणि एकदा पश्चिमेकडे बघा.

निरभ्र आभाळात सूर्य सुंदर बुडतो, पण रंग क्षितिजालगतच्या पट्ट्यातच राहतो. पूर्ण भरून आलेलं, करडं, खाली उतरलेलं आभाळ असेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. आपल्याला हवे असतात ते उंचावरचे ढग: पिसांसारखे लांब ओढलेले, किंवा कापसाच्या छोट्या पुंजक्यांसारखे ओळीने पसरलेले. असे ढग डोक्यावर आणि पश्चिमेला मोकळी फट, हा सगळ्यात चांगला योग.

फट का हवी, ते समजून घेतलं तर अंदाज बरोबर येऊ लागतो. सूर्य खाली गेला की त्याचा प्रकाश जमिनीला जवळजवळ समांतर येतो. हवेच्या जाड थरातून येताना निळा रंग वाटेतच विखुरतो आणि लाल-केशरी उरतो. हा उरलेला प्रकाश ढगांना खालच्या बाजूने लागतो. आता पृथ्वी गोल असल्यामुळे पाच किलोमीटर उंचीवरच्या ढगाचं क्षितिज सुमारे २५० किलोमीटर लांब असतं. म्हणजे नागपूरवरच्या ढगाला रंग चढवणारा किरण जवळजवळ अकोल्याच्या पलीकडून, जमिनीला घासून येतो. तिकडे दाट ढग असतील तर आपल्या डोक्यावर कितीही देखणी नक्षी असो, ती करडीच राहणार. म्हणून हवामानाच्या ॲपमधलं उपग्रहाचं चित्र उघडा आणि नागपूर सोडून अमरावती-अकोल्याकडचं आभाळ बघा. जूनमध्ये नजर थोडी वर, मेळघाट-बैतूलकडे न्या. डिसेंबरात थोडी खाली, वाशिमच्या दिशेला. हे एवढं बघायला मिनिटभर लागतं आणि उगाचची धावपळ पुष्कळ वाचते.

ऋतूंचं म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर आपल्याकडे राजा. पावसाने धूळ खाली बसलेली, ढग मात्र अजून येत-जात असलेले. दुपारी सर येऊन गेली आणि पाचला पश्चिम उघडली, तर त्या दिवशी काम बाजूला ठेवून बाहेर पडावं. डिसेंबर-जानेवारीत हवा जमिनीलगत कोंडते, शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर खालीच राहतो. त्यात सूर्य क्षितिजाला टेकायच्या आतच विरून जातो, पण विरण्यापूर्वी काही मिनिटं तो स्वच्छ कडेची लाल थाळी होतो. मे महिन्यात धूळ इतकी असते की रंग मळकट येतो. तेव्हा आकृत्यांच्या काळ्या छाया घ्याव्यात, आभाळाच्या भरवशावर राहू नये.

वेळ किती उरला, सूर्य बुडणार कुठे

नागपुरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास. मधल्या दिवसांची वेळ फोनवर मिळतेच. पण समोर झाडं-इमारती असतील तर सूर्य त्यांच्याआड आधीच जातो, त्यामुळे हाताने मोजता आलं पाहिजे. हात पूर्ण लांब करा आणि बोटं आडवी धरा. एका बोटाची जाडी आभाळात साधारण दोन अंश भरते. आपल्या अक्षांशावर सूर्याला दोन अंश खाली यायला आठ-नऊ मिनिटं लागतात. सूर्य आणि समोरच्या झाडांचा शेंडा यांच्यामध्ये तीन बोटं मावली, तर तुमच्याकडे पंचवीसेक मिनिटं आहेत. अंबाझरीच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला हा हिशेब फार उपयोगाचा.

दिशाही हलते, आणि बरेच जण इथेच फसतात. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये तो पश्चिमेपासून पंचवीसेक अंश उत्तरेला सरकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. लांब केलेल्या हाताची मूठ दहा अंशांची धरली तर प्रत्येक बाजूला अडीच मुठी झाल्या. म्हणून मागच्या उन्हाळ्यात सूर्य ज्या झाडामागे गेला होता, त्या झाडासाठी दिवाळीत तिथे जाऊन उभे राहिलात तर सूर्य भलतीकडेच दिसेल.

उभं राहायचं कुठे

पहिला नियम: रोजच्या वाटेपासून दहा मिनिटांत पोचता येईल अशा दोन-तीन जागा ठरवून ठेवा. आभाळ पेटल्यावर शहराच्या पूर्वेच्या वर्धमाननगरहून पश्चिमेच्या फुटाळा तलावाला पळणं म्हणजे सगळा रंग ट्रॅफिकमध्ये घालवणं. मी तर म्हणेन की पहिली जागा तुमच्या घराची गच्ची असू द्या. पाण्याच्या टाक्या, कूलरचे पत्रे, वाळत घातलेले कपडे, केबलच्या तारा, हे सगळं नागपूरच आहे. संक्रांतीला तर गच्चीला तोड नाही: सूर्य सहा वाजायच्या आधी मावळतो, आभाळात पतंग आणि समोरच्या गच्चीवर चक्री धरून उभी पोरं.

फुटाळा सगळ्यांना ठाऊक आहे. चौपाटीच्या बाजूने पाण्यापलीकडे झाडी आहे आणि सूर्य त्या झाडीत उतरतो. गर्दी असते, पण गर्दी आपल्या कामाची. पावसाळ्यात तिथे कणसं भाजणाऱ्या ताईच्या शेगडीजवळ जाऊन बघा. ताई हातातल्या पंख्याने वारा घालते, कोळशातून ठिणग्या उडतात, धूर वर जातो आणि मागून येणाऱ्या उन्हाने तो धूर चक्क सोनेरी होतो. कणसाची सोललेली हिरवी सालं कडेने उजळतात, लिंबाची फोड आरपार दिसते. अशा वेळी सूर्य चौकटीत नसला तरी चालतो. दोन पावलं बाजूला सरका, म्हणजे सूर्य शेगडीच्या छपरीआड जाईल, आणि फक्त धूर-हात-कणीस घ्या. "ताई, फोटो काढू का?" एवढं विचारायचं, कणीस विकत घ्यायचं आणि मग काढायचा. फुटाळ्याला लागून वायुसेनानगर आहे. संरक्षण खात्याच्या हद्दीकडे आणि फाटकांकडे कॅमेरा वळवू नका. काठावर बसलेल्या जोडप्यांचे चेहरे न विचारता टिपणंही बरोबर नाही.

अंबाझरी तलावाचा बांध मला फुटाळ्यापेक्षा जास्त आवडतो. पाणी मोठं, समोरचा काठ लांब, आणि बांधावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या लोकांच्या आकृत्या आपोआप मिळतात. मात्र २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तिथे मजबुतीकरणाची कामं निघाली, म्हणून बांधावर प्रवेश खुला आहे की नाही ते बघून जा. पावसात उतारावरचे दगड निसरडे असतात. फोटोसाठी खाली पाण्यापर्यंत उतरू नका.

मेट्रोने रोज जा-ये करत असाल तर सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडे जाणारी गाडी पश्चिमेलाच निघते आणि रूळ उंचावर असल्याने आभाळ भरपूर दिसतं. फोन काचेला अगदी चिकटवा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येणार नाही. फोटोबाबत काही सूचना लावली असेल तर ती पाळा. सेमिनरी हिल्सवर झाडीमुळे क्षितिज सापडत नाही, पण तासभर आधी गेलात तर फांद्यांमधून पडणारे तिरपे किरण मिळतात. सुट्टीच्या दिवशी वेळ असेल तर रामटेकचा गड, पन्नासेक किलोमीटरवर. वरून आजूबाजूची शेतं आणि तळी दिसतात. उन्हाळ्यात कामठीच्या बाजूने पश्चिमेकडे बघितलं तर कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराच्या उंच चिमण्या सूर्याच्या शेजारी येतात. ज्यांना तळ्या-झाडांचा कंटाळा आला असेल त्यांनी हे जरूर करून बघावं.

फोन हातात घेतल्यावर

आधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतोच, आणि सूर्य समोर आला की तोच थर धुरकट पट्टे होऊन फोटोभर पसरतो. ओढणीचं किंवा सुती रुमालाचं स्वच्छ टोक पुरतं. निम्म्या लोकांचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

आता रंग कुठे जातो ते. फोनला चौकटीत काळा रस्ता दिसतो आणि तो उजळ करायला फोन अख्खा फोटो उजळ करतो. त्यात आभाळ जळून पांढरं होतं. फोनला सांगावं लागतं की आभाळ महत्त्वाचं आहे. त्यासाठी सूर्याच्या शेजारच्या उजळ आभाळावर बोट ठेवा, खुद्द सूर्यावर नको. बोट दोन सेकंद तसंच दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश लॉक होतो. मग शेजारी येणारी सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढा. स्क्रीनवर ढगांचा रंग आणि कडा स्पष्ट दिसू लागेपर्यंत ओढत राहा. जमीन काळी पडेल, पडू द्या. काळोखातला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो. जळालेलं आभाळ कशानेही परत येत नाही. एवढी एकच सवय लागली तरी तुमचे फोटो त्या दिवसापासून बदलतील.

दुसरी गोष्ट रंगाच्या तापमानाची. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (फोन रंग आपोआप जुळवतो ती सोय) फोनला संध्याकाळचा केशरी रंग म्हणजे चूक वाटते आणि तो दुरुस्त करू पाहतो. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स उन्हाच्या किंवा ढगाळ हवेच्या खुणेवर ठेवा. आकड्यात सांगायचं तर ५५०० ते ६५०० केल्विन. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ५० किंवा १००. पतंग, पक्षी, धावणारी पोरं असतील तर शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. प्रो मोड नसेल तर मन खट्टू करू नका. वरचं बोट-दाबून-खाली-ओढणं नव्वद टक्के काम करतं. एचडीआर (उजळ आणि काळोखे भाग दोन्ही सांभाळणारी सोय) चालू ठेवावा का? आभाळ आणि जमीन दोन्ही हवं असेल तर ठेवा. निव्वळ काळी आकृती हवी असेल तर बंद करा, नाहीतर फोन ती उजळवून बसतो.

झूमबद्दल थोडं. सूर्य आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तो फोटोच्या रुंदीचा साधारण दीडशेवा भाग भरतो, म्हणून तो ठिपका दिसतो. तीनपट टेलिफोटो लेन्स असेल तर पन्नासावा भाग. डोळ्यांना दिसतो तितका मोठा सूर्य साध्या फोनवर मिळणार नाही, आणि बोटांनी ताणून मोठा केला तर नुसती भगर उरते. त्यापेक्षा सूर्य छोटाच राहू द्या आणि मोठं आभाळ घ्या.

आणि हो, सूर्य वर असताना त्याच्याकडे टक लावून पाहू नका. स्क्रीनवर बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन इतका तापतो की कॅमेराच बंद पडतो. ऐन वेळी चालू राहावा म्हणून तो सावलीत, बॅगेत ठेवा.

चौकटीत काय ठेवायचं

नुसतं आभाळ पहिल्या दिवशी छान वाटतं, दहाव्या दिवशी सगळे फोटो एकसारखे दिसतात. समोर ओळखू येणारं काहीतरी हवं. झिरो माइलचे घोडे, कडुलिंबाची फांदी, चहाच्या टपरीवरची किटली, सायकलवर दुधाचे कॅन घेऊन जाणारा माणूस, काहीही. त्याची कडा मात्र आभाळावर स्वच्छ उमटली पाहिजे. माणूस उभा असेल आणि त्याच्या कमरेमागे झाडी, तर कमरेखालचा भाग झाडीत मिसळून जातो. इथे उपाय अगदी सोपा: गुडघे टेकून खाली बसा. कॅमेरा खाली गेला की माणूस आभाळात वर जातो. दोन माणसं असतील तर त्यांच्यामध्ये हातभर उजेड दिसू द्या, नाहीतर एकच काळा ढीग दिसेल. बाजूने घेतलेला चेहरा नाक-हनुवटीमुळे कळतो; समोरून घेतला की नुसता गोळा.

क्षितिज सरळ ठेवायला ग्रिडच्या रेघा चालू करा. तळ्याच्या काठी पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटलं की बाकी सगळं सुंदर असूनही फोटो खटकतो. आभाळ भारी असेल तर क्षितिज खालच्या रेघेवर. पाण्यात प्रतिबिंब भारी असेल तर वरच्या. पाऊस पडून गेल्यावर रस्त्यावरच्या डबक्याला कमी लेखू नका. फोन उलटा करून लेन्स पाण्याच्या वर चार बोटांवर आणली की वीतभर डबक्यात अख्खं आभाळ उतरतं.

फोटोत हिरवट ठिपके येत असतील तर ते लेन्सच्या आतलं परावर्तन आहे. फोन किंचित हलवला की ठिपके सरकतात. त्यांना एखाद्या काळ्या भागात नेऊन लपवा, किंवा सूर्य खांबाच्या वा पानाच्या कडेला अर्धा झाकून घ्या.

सूर्य बुडाला, आता थांबा

लोक इथेच निघून जातात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. क्षितिजाला टेकल्यापासून सूर्य दोन-अडीच मिनिटांत दिसेनासा होतो, पण ढगांचा खरा रंग बऱ्याचदा त्यानंतर दहा ते वीस मिनिटांनी चढतो. तोवर किरण ढगांच्या पोटाला खालून लागू लागलेले असतात. पिवळा जाऊन गुलाबी येतो, मग किरमिजी, मग जांभळा. याच वेळात एकदा मागे वळून पूर्वेकडे पाहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजालगत एक निळसर-करडा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. गच्चीवरून हे फार छान दिसतं आणि शहरात कितीतरी लोकांनी ते कधी पाहिलेलं नसतं.

उजेड उतरला की हात हललेला फोटोत कळू लागतो. कठड्यावर, स्कूटरच्या सीटवर, भिंतीवर कोपर टेका. तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना फोन हलला तरी फरक पडत नाही. पुढे रस्त्यावरचे दिवे लागतात आणि आभाळ गर्द निळं होतं. पंधरा-वीस मिनिटं दिवे आणि आभाळ यांचा उजेड तुल्यबळ असतो. सीताबर्डीसारख्या भागात फोटो काढायचे असतील तर हीच वेळ. रात्र पूर्ण पडल्यावर आभाळ नुसतं काळं येतं.

जुना डीएसएलआर असेल तर

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवतो), छिद्राचा आकडा एफ ८, आयएसओ १००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे फोटो थोडा गडद. १८-५५ ची लेन्स पुरते. डोळा लावायच्या खिडकीतून (ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर) सूर्याकडे पाहू नका, लेन्स तो प्रकाश एकवटून डोळ्यावर टाकते. मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू लावा आणि कॅमेरा सूर्याकडे फार वेळ रोखून ठेवू नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री तीसपैकी पंचवीस फोटो पुसून टाका. उरलेल्यांवर स्नॅपसीडसारखं फुकट ॲप पुरे. आधी क्षितिज सरळ, मग हायलाइट्स (उजळ भाग) थोडे कमी, उबदारपणा किंचित जास्त. सॅच्युरेशनची (रंगांच्या गडदपणाची) पट्टी ओढताना ढगांमध्ये रंगांचे पायऱ्यांसारखे टप्पे दिसू लागले की मागे या. काळ्या आकृतीच्या सावल्या वर काढू नका. तिथे दाणे उठतात आणि आकृतीचा जोर जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकुंचनात आभाळाची तलम छटाच आधी जाते.

मूळ फाइल जपून ठेवा आणि फोटोच्या माहितीत जागेचं नाव लिहून ठेवा. तारीख फोन स्वतःच ठेवतो. वर्षभराने तुमच्याकडे स्वतःची नोंद तयार असेल: कुठल्या महिन्यात फुटाळ्यावरून सूर्य कुठल्या झाडामागे जातो, गच्चीवरून कुठल्या टाकीआड. पुढच्या सप्टेंबरात सर ओसरून पश्चिम उघडली की कुठे जायचं हे त्या नोंदीवरूनच ठरवा.